व्हील स्पेसर: चाकं १५ मिलिमीटर बाहेर आली की गाडीत नेमकं काय बदलतं?

इन्स्टाग्रामवर गाड्यांची रील्स बघत असाल तर हा प्रकार तुम्ही नक्की पाहिला असेल. गाडी साधीच, स्विफ्ट नाहीतर आय-ट्वेंटी. रंगही कंपनीचाच. पण उभी अशी, की पैलवान पाय फाकवून आखाड्यात उतरलाय. चाकं मडगार्डच्या आत दबलेली नाहीत, अगदी कडेला आलेली आहेत. खाली कोणीतरी विचारतं, "भाऊ, रिम्स कोणते?" आणि उत्तर येतं, "रिम्स कंपनीचेच, स्पेसर टाकलेत."

बाळापूरच्या किल्ल्यासमोर गाडी लावून फोटो काढायचा, तर अशी ऐट कोणाला नको? स्पेसर मोबाइलवरून मागवता येतात, चार नट खोलले की बसतात आणि काम तासाभराचं वाटतं. म्हणूनच हा लेख. स्पेसर ही काही जादूची किंवा शापाची वस्तू नाही. तो धातूचा एक जाड तुकडा आहे. पण तो अशा जागी बसतो, जिथे गाडीचं सगळं वजन, सगळा ब्रेक आणि सगळं वळण येऊन मिळतं. त्यामुळे लावायचा की नाही हे ठरवण्याआधी तो काय करतो ते नीट समजून घेऊ.

स्पेसर म्हणजे काय?

चाक काढलं की आत जी गोल तबकडी दिसते, ती हब. बैलगाडीच्या भाषेत तुंबा म्हणा. हबमधून चार किंवा पाच बोल्ट बाहेर आलेले असतात, त्यांना स्टड म्हणतात. चाक या स्टडवर बसतं आणि नटांनी आवळलं जातं. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्या मध्ये घातलेली ॲल्युमिनियमची चकती. चकती १५ मिलिमीटर जाड असेल तर चाक तेवढंच बाहेर सरकतं. दोन्ही बाजूंना लावल्यावर डाव्या आणि उजव्या चाकांमधलं अंतर ३० मिलिमीटरने वाढतं. या अंतराला ट्रॅक म्हणतात.

दुसरा शब्द लक्षात ठेवा, ऑफसेट. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम जिथे हबला टेकतं ती जागा, यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला तो बहुतेक वेळा 'ईटी ४५' किंवा 'ईटी ४०' असा कोरलेला असतो. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. ईटी ४५ च्या रिमला १५ मिलिमीटरचा स्पेसर लावला, तर तो गाडीच्या दृष्टीने ईटी ३० चा रिम झाला. गाडीचं सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि बेअरिंग यांचा हिशोब कंपनीने ४५ धरून केलेला असतो. प्रोग्राममध्ये एक आकडा बदलावा आणि त्याच्यावर अवलंबून असलेली दहा फंक्शन्स तपासूच नयेत, तसा हा प्रकार आहे. प्रोग्राम चालेल. पण नेमका कुठे आणि कधी अडेल, ते सांगता येणार नाही.

ट्रॅक्टरला चालतं, मग कारला का नाही?

हा प्रश्न आपल्या वऱ्हाडातल्या पोराला पडलाच पाहिजे. पऱ्हाटी किंवा सोयाबीनमध्ये डवरणी करायची, तर ट्रॅक्टरची चाकं दोन तासांच्या मधून जायला हवीत, झाडांवरून नाही. म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांची डिस्क उलटी करून बसवता येते, रिम वेगळ्या जागी जोडता येतो आणि पुढच्या ॲक्सलला छिद्रं असतात. ट्रॅक हवा तसा कमी-जास्त करता येतो. शेतकरी हे वर्षानुवर्षं करत आला आहे आणि त्यात काही गैर नाही.

फरक एवढाच, की ट्रॅक्टरच्या कंपनीने ही सोय स्वतः केलेली असते. चाक किती बाहेर जाऊ शकतं हे आधीच ठरवून ॲक्सल आणि बेअरिंग त्या ताकदीचं दिलेलं असतं. पुस्तिकेत ट्रॅकचे आकडे छापलेले असतात. शिवाय ट्रॅक्टर शेतात जेमतेम चालण्याच्या वेगाने फिरतो. तुमची कार राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून अकोल्याकडे किंवा खामगावकडे ताशी ८०-९० ने जाते. जोड तोच, पण चूक झाली तर किंमत वेगळी.

कार कंपन्याही कधीकधी स्पेसर वापरतात. पोर्शेने आपल्या काही मॉडेल्सना ते कारखान्यातूनच दिले आहेत. जर्मनीत बाजारातले स्पेसर लावायचे असतील तर त्या गाडीसाठी त्या स्पेसरचा तपासणी अहवाल लागतो आणि बसवल्यावर तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यावी लागते. म्हणजे प्रश्न वस्तूचा नाही. ती या गाडीसाठी कोणी तपासली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

फायदा किती? जरा गणित करू

"ट्रॅक वाढला की गाडी वळणावर जास्त स्थिर होते," असं सांगितलं जातं. हे खोटं नाही. पण किती, ते कोणी सांगत नाही.

वळण घेताना आतल्या चाकांवरचं थोडं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं, ते गाडीचं वजन, वळणाचा जोर, वजनाच्या मध्याची उंची आणि ट्रॅक यावरून काढता येतं. समजा माणसांसकट गाडी १,२०० किलोची, वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर, ट्रॅक १,५०० मिलिमीटर आणि वळण बऱ्यापैकी जोरात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराचं.

- स्पेसर नसताना बाहेरच्या बाजूला सरकणारं वजन: २२० किलो.
- प्रत्येक बाजूला १५ मिलिमीटरचा स्पेसर लावल्यावर, म्हणजे ट्रॅक १,५३० झाल्यावर: सुमारे २१६ किलो.

फरक चार किलोंचा. टक्क्यात सांगायचं तर दोन टक्के. टायरमधली हवा नीट ठेवली, घासलेले टायर बदलले किंवा डिक्कीतलं फालतू सामान काढलं, तर गाडी याहून जास्त सुधारते. शर्यतीच्या ट्रॅकवर दोन टक्क्यांना किंमत आहे. बाळापूर-पातूर रस्त्यावर नाही.

तेव्हा मनाशी स्पष्ट राहू. रोजच्या गाडीला स्पेसर लावण्याचं खरं कारण दिसणं हे आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आपण मोबाइलला कव्हरही दिसण्यासाठीच घेतो. पण मग पुढचे धोके आपण कशासाठी घेतोय, हे तरी कळतं.

पहिला धोका: नट

बहुतेकांना वाटतं, की चाक स्टडवर लटकलेलं असतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड अगदी थोडा ताणला जातो, आणि तो ताण चाकाला हबवर घट्ट दाबून धरतो. दोन सपाट पृष्ठभागांच्या या दाबामुळे जे घर्षण होतं, त्यावर गाडी चालते. १२ मिलिमीटरचा स्टड १०० न्यूटन-मीटरने आवळला, तर एका नटाचा दाब साधारण चार टनांचा होतो. चार नटांचे सोळा-सतरा टन. एवढा दाब आहे तोवर चाक तसूभरही हलत नाही.

आता मध्ये स्पेसर आला. आधी एकच जोड होता, हब आणि चाकाचा. आता दोन झाले, हब आणि स्पेसर, मग स्पेसर आणि चाक. दोन्ही जागी पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट हवा. आपल्या काळ्या मातीचा गारा हबवर वाळून बसला असेल, गंज असेल किंवा रंगाचा थर असेल, तर नट आवळताना तो घट्ट लागल्यासारखा वाटतो. दोन दिवस चालल्यावर तो थर दबतो, चुरा होतो आणि स्टडचा ताण उतरतो. नट फिरलेलाही नसतो, तरी दाब गेलेला असतो. मग चाक अगदी बारीक हलायला लागतं, सगळा भार स्टडवर आडवा येतो आणि स्टड थकून तुटतो. एक तुटला की बाकीच्यांवर भार वाढतो.

दुसरी गोष्ट आट्यांची. ५ मिलिमीटरचा साधा स्पेसर घातला की स्टडची ५ मिलिमीटर लांबी स्पेसरने खाल्ली. नटाला धरायला तेवढे आटे कमी. ढोबळ नियम असा: स्टड जितका जाड, निदान तितकी लांबी नटाच्या आत गेली पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडसाठी हे फेऱ्यांत मोजता येतं.

- आट्यातलं अंतर १.५ मिलिमीटर असेल तर निदान ८ पूर्ण फेऱ्या.
- आट्यातलं अंतर १.२५ मिलिमीटर असेल तर निदान १० फेऱ्या.

नट हाताने लावायला सुरुवात करा आणि तो टेकेपर्यंत फेऱ्या मोजा. कमी भरल्या तर तो स्पेसर त्या स्टडवर लावायचा नाही. "भाऊ, घट्ट बसलाय" हे उत्तर चालत नाही. चार आट्यांवर बसलेला नटही हाताला घट्टच लागतो.

दुसरा धोका: साइडपट्टीवरचा ब्रेक

हा मुद्दा रील्समध्ये कधीच येत नाही, आणि आपल्या भागासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक एका तिरप्या रेषेभोवती वळतं. ही रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती जिथे टेकते ती जागा आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य, यात थोडं अंतर असतं. याला स्क्रब रेडियस म्हणतात. पुष्कळ पुढच्या चाकांनी चालणाऱ्या कारमध्ये ही रेषा मुद्दाम टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर टेकवलेली असते. कारण ऐका.

समजा तुम्ही एका अरुंद रस्त्याने चालला आहात. समोरून कापसाने भरलेला ट्रक आला. तुम्ही गाडीची डावी चाकं साइडपट्टीवर, मातीत उतरवली आणि ब्रेक दाबला. उजवी चाकं डांबरावर आहेत, त्यांची पकड चांगली. डावी मातीवर आहेत, ती घसरतात. ब्रेक उजव्या बाजूला जास्त लागतो, म्हणून गाडीचं तोंड उजवीकडे, म्हणजे सरळ ट्रककडे वळू पाहतं. अशा वेळी कंपनीने ठेवलेला तो स्क्रब रेडियस चाकांना आपोआप थोडं डावीकडे फिरवतो. तुम्हाला कळायच्या आत गाडी स्वतःला सावरते.

आता १५ मिलिमीटरचा स्पेसर लावा. टायरचा मध्य बाहेर सरकला. रेषा आधी मध्याच्या १० मिलिमीटर बाहेर टेकत असेल, तर आता ती ५ मिलिमीटर आत टेकते. उलटा हिशोब झाला. तोच ब्रेक, तीच साइडपट्टी, पण आता चाकं स्वतःहून उजवीकडे ओढ घेतात. एबीएस असलेल्या गाडीत ही ओढ बरीच आटोक्यात राहते. जुनी, बिनएबीएसची गाडी असेल, आणि एखादा हात मोबाइलवर असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

चारपदरी महामार्गावर याचा पत्ता लागत नाही. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. अशा सपाट रस्त्यावर स्पेसरची गाडी छानच चालते. पण आपण रोज फक्त महामार्गावर नसतो. गावाकडच्या रस्त्यावर वळलो की साइडपट्टी, खड्डे आणि समोरचा ट्रॅक्टर हेच खरं. खड्ड्यात चाक गेल्यावर स्टिअरिंगला बसणारा झटकाही याच कारणाने वाढतो.

तुम्ही म्हणाल, मग फक्त मागच्या चाकांना लावू. स्टिअरिंगचा हा मुद्दा त्याने टळतो, हे खरं. नट, बेअरिंग आणि कायदा यांचे मुद्दे मात्र तसेच राहतात.

तिसरा धोका: बेअरिंग आणि घासणारे टायर

एका चाकावर ३०० किलो भार धरू. चाक १५ मिलिमीटर बाहेर गेलं की बेअरिंगला वाकवणारा जादा जोर साडेचार किलो-मीटर. म्हणजे एक मीटर लांब काठी आडवी धरून तिच्या टोकाला साडेचार किलोचं वजन टांगल्यावर मनगटाला जेवढं जाणवेल, तेवढा. हा सतत. खड्ड्यात आदळल्यावर तो काही पटींनी वाढतो. बेअरिंग लगेच जात नाही, पण लवकर जातं. वेग वाढला की वाढणारा 'घूंऽऽ' आवाज ही त्याची पहिली खूण.

टायर घासण्याची भानगड वेगळी. रिकामी गाडी घरासमोर उभी असताना सगळं ठीक दिसतं. मागे तिघे बसले, डिक्कीत सामान आलं आणि गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली, की टायरची कड मडगार्डच्या पत्र्याला लागते. पत्रा धारदार असतो. टायरची बाजूची भिंत सगळ्यात नाजूक, ती कापली गेली तर पंक्चर काढून भागत नाही. आणि टायर मडगार्डच्या बाहेर आला, तर पावसाळ्यात उडणारा गारा आणि गिट्टी थेट दरवाज्यावर, नाहीतर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर.

स्पेसरचे प्रकार

१. साधी चकती. ३ ते ५ मिलिमीटर जाड. मूळ स्टडवरच घालतात. आट्यांच्या फेऱ्या पुरल्या तरच चालते.

२. लांब स्टडसह चकती. साधारण ८ ते १५ मिलिमीटर. जुने स्टड काढून तितकेच लांब नवे बसवावे लागतात. फोक्सवॅगन पोलोसारख्या गाडीत स्टड नसतो, बोल्ट चाकातून हबमध्ये जातो. तिथे स्पेसर जितका जाड, तितकेच लांब बोल्ट घ्यावे लागतात. कमी लांब घेतले तर पकड कमी, जास्त लांब घेतले तर मागच्या भागाला लागायची भीती.

३. स्वतःचे स्टड असलेला स्पेसर. २० मिलिमीटर किंवा जास्त. हा आधी हबला नटांनी आवळतात, मग चाक त्याच्या स्टडवर बसतं. इथे एक अडचण आहे. आतले नट चाकामागे लपलेले असतात. ते तपासायचे तर दर वेळी चाक काढावं लागतं, आणि ते कोणी काढत नाही.

एकावर एक दोन स्पेसर रचणं, वॉशर घालून चाक बाहेर काढणं, लेथवर कोणत्याही पत्र्यातून चकती कापून घेणं, हे कुठल्याच प्रकारात बसत नाही. ते करायचंच नाही.

ऑनलाइन मागवण्याआधी पाच आकडे

'४ × १०० सगळ्या गाड्यांना बसेल' असं लिहिलेलं दिसलं की थांबा. हे पाच आकडे जुळल्याशिवाय ऑर्डर नको.

- पीसीडी: किती स्टड आणि ते किती व्यासाच्या वर्तुळावर. स्विफ्टचा ४ × १००, आय-ट्वेंटीचाही ४ × १००. पोलोचा ५ × १००.
- मधलं भोक: हबचा उंच भाग चाकाच्या ज्या भोकात बसतो तो व्यास. स्विफ्ट आणि आय-ट्वेंटी दोन्हींचा ५४.१ मिलिमीटर, पोलोचा ५७.१. स्पेसर हबवर मधोमध घट्ट बसला पाहिजे आणि त्याच्या बाहेरच्या बाजूलाही तसाच उंच भाग असला पाहिजे. नसेल तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात राहतं आणि ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.
- आटे: इथेच फसगत होते. स्विफ्टचा स्टड १२ × १.२५, आय-ट्वेंटीचा १२ × १.५. पीसीडी तोच, भोकही तेच, पण एकाचा नट दुसऱ्यावर गेला तर आटे मरतात. सुरुवातीला जरा अडखळून बसल्यासारखा वाटतो, पण तो बसलेला नसतो.
- नटाची बैठक: काही नट निमुळते, काही गोलसर, काही सपाट. रिमच्या भोकाचा जो आकार, तोच नट हवा.
- धातू: ६०६१-टी६ किंवा ७०७५ दर्जाचं ॲल्युमिनियम, फोर्ज केलेलं आणि मशीनवर कापलेलं. ओतीव ॲल्युमिनियम तडकतं. बनवणाऱ्याचं नाव आणि दर्जा लिहिलेलाच नसेल तर सवलत कितीही असो, ते पान बंद करा.

बसवताना

हब आणि चाकाची मागची बाजू तारेच्या ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत स्वच्छ करा. हबवर छोटे स्क्रू किंवा क्लिप असतील तर स्पेसर त्यांच्यावर अधांतरी राहत नाही ना, ते बघा. स्टडला तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. नट हाताने सुरू करा. एकाच बाजूने क्रमाने न आवळता समोरासमोरचे नट आवळा, दोन-तीन टप्प्यांत. शेवट गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने करा, आणि आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या.

टॉर्क रेंच कशाला, क्रॉस पाना आहे ना? तर हे बघा. ६० किलोचा माणूस ३० सेंटीमीटरच्या पान्यावर उभा राहिला, तर नटावर सुमारे १७७ न्यूटन-मीटर लागतात. लहान गाड्यांना लागतात साधारण ८५ ते १२०. स्टड त्याच दिवशी तुटत नाही. तो कायमचा ताणला जातो आणि पुढे कधीतरी दगा देतो. हवेच्या गनचंही तेच.

बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालवा आणि नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. बाळापूरहून अकोल्याला जाऊन आलात की पहिली तपासणी करायची, असं धरून चाला. तिसऱ्या प्रकारचा स्पेसर असेल तर चाक काढून आतले नटही.

मोबाइलचा उपयोग इथे करा

- रिमच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. ईटी, रुंदी आणि पीसीडी बहुतेक तिथेच मिळतात.
- प्रत्येक नट आणि रिम यांच्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. आठवड्याने रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. रेघ जुळली तरी तपासणी टाळू नका, कारण ताण नट न फिरताही उतरतो.
- मित्राला बाहेर उभं करून, गाडीत पूर्ण माणसं बसवून, हळू वेगात स्पीडब्रेकरवरून जा आणि चाकाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. टायर आणि मडगार्ड यांच्यात किती जागा उरते ते त्यात दिसेल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली गाडी वाहतूक पोलिसाला लांबूनच दिसते. त्याहून मोठा प्रश्न विम्याचा. अपघात झाला आणि सर्व्हेअरला कंपनीला न कळवलेला बदल सापडला, तर दाव्यावरून वाद सुरू होतो. सस्पेन्शन किंवा बेअरिंगच्या वॉरंटीचंही तसंच. लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मग करायचं काय?

गाडी भरीव दिसावी एवढंच हवं असेल, तर कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेले रिम आणि टायर बघा. ते त्याच गाडीवर तपासलेले असतात, मध्ये जादा जोड येत नाही आणि नट मूळचेच राहतात. बाहेरचा कमी ऑफसेटचा रिम घेतला तर जादा जोड टळतो, पण साइडपट्टीचा आणि बेअरिंगचा मुद्दा तसाच राहतो, कारण चाक बाहेर जाणारच.

तरीही स्पेसर लावायचाच असेल, तर पाचही आकडे जुळलेले, आट्यांच्या फेऱ्या पूर्ण, टायर मडगार्डच्या आत, टॉर्क रेंचने आवळलेला आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासलेला, यातली एकही अट सोडू नका. एखादी जमत नसेल तर स्पेसर परत पाठवा, पैसे वाचतील.

आणि ज्यांच्या गाडीला आधीच लागलेत, कदाचित सेकंडहँड घेताना तसेच आलेत, त्यांनी आजच एक काम करा. चाक काढून नटाच्या फेऱ्या मोजा. आठ-दहा भरल्या नाहीत तर स्पेसर उतरवा, मूळ नटांवर चाक लावा आणि मगच गाडी रस्त्यावर काढा. हा लेख तुमच्या ग्रुपमधल्या त्या एका मित्राला नक्की पाठवा. तो कोण, ते तुम्हाला माहीत आहे.